पदकांची पिशवी

नांदेडला दवाखान्यात मी ईसीजी काढायला बसले होते. शेजारी भोकरकडची एक बाई आणि तिची सतरा वर्षांची पोरगी. पोरगी शर्यतीत पळते. मैदानावर छाती धडधडून पडली, आणि बाईने सोबत आणलं काय, तर पदकांची पिशवी! दर दोन मिनिटांनी एकेक पदक काढून पदराने पुसायची, जणू डॉक्टर पदकंच तपासणार होते.

"लई गुणाची हाय," बाई म्हणाली. "आठ महिने झाले, पाळीच न्हाई. उन्हाळ्यात लोणचं घातलं, नवरात्रात नऊ दिवस देवाचं केलं. एक दिवस बाजूला बसली न्हाई. सर बी खूश, सरावाला खाडा न्हाई."

देव खूश, सर खूश, लोणचंसुद्धा खूश. पोरीच्या गालाची हाडं तेवढी वर आलेली.

मी म्हणाले, "बाई, माझी पाळी पन्नाशीत गेली, तवा डॉक्टरीण म्हणाली, पाळी होती तवर तिची राखण होती, आता काळजाला जपा. तुझ्या पोरीची सतराव्या वर्षीच गेली. म्हणून तर आम्ही दोघी एकाच बाकावर बसलोय."

पुसणारा हात थांबला. "म्हंजे ही म्हातारी झाली का काय?"

"म्हातारी न्हाई, उपाशी. अंगाला पुरेसं मिळालं न्हाई की पाळी बी थांबती. काय खाती?"

"अर्धी भाकर. सर म्हणतात, हलकं अंग जोरात पळतं."

पोरगी पहिल्यांदाच बोलली. "अर्धी बी न्हाई, आज्जी. त्यातली बी कुत्र्याला घालते."

तेवढ्यात आतून पोरीचं नाव पुकारलं. बाईने तिचं मनगट घट्ट धरलं आणि दोघी आत गेल्या. पिशवी बाकावरच राहिली. मी हाक मारली नाही.