अहमदपूरच्या स्टँडवर पुसलेला मेसेज

नांदेडला माझं औषधांचं दुकान आहे. दोन वर्षांपासून मी ॲलर्जीची माहिती देणारं एक मराठी पेजही चालवतो. काय खाल्ल्यावर ओठ सुजतात, धाप लागली तर सिरप पाजत घरी का थांबू नये, असलं सगळं. ॲलर्जीच्या एक डॉक्टरीणबाई प्रत्येक ओळ तपासतात. त्यांच्या होकाराशिवाय मी एक अक्षर टाकत नाही. माहिती कुठून घेतली तेही खाली लिहितो. गिऱ्हाइकं म्हणतात, "मामा, लई पुण्याचं काम करून राहिलेत तुम्ही." मी मान खाली घालून गोळ्यांची पट्टी कापायला घेतो. पुण्य कसलं?

पेज का सुरू केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

धाकटी बहीण लातूरला दिली आहे. तिच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. आमच्याकडं हे सांगणं म्हणजे पाणी चालत नाही म्हणण्यासारखं. वांग्याच्या भाजीत कूट, काकडीत कूट, उपवासाच्या खिचडीत तर कूट हवाच. बहिणीनं लेकीसाठी कढई वेगळी ठेवली होती, चमचा वेगळा. सासूबाईंना ते पटायचं नाही. "आमची लेकरं शेंगा फोडतच वाढली की," म्हणायच्या.

एका एकादशीला, सकाळी दुकान उघडता उघडता मला एक मेसेज आला. कूट घातलेल्या पदार्थाचा एक चमचा रोज द्या, अंगाला सवय होते, ॲलर्जी मुळातून जाते. खाली कुण्या डॉक्टरचं नाव. खरं-खोटं बघायला मला दोन मिनिटं लागली असती. नाही बघितलं. बहिणीला पाठवून दिला आणि खाली लिहिलं, "करून बघ. बरोबर वाटतंय."

हे शब्द माझे. त्या डॉक्टरचे नाहीत.

दुपारी भावजींचा फोन आला. एक चमचा खिचडी दिली, ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घेता येईना. दवाखान्यात आणलंय, या. मी एसटीत बसलो. बसल्या जागी माझा पाय सारखा हलत होता, शेजारची बाई सरकून बसली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चहाला उतरले. मी फोन काढला. पोरगी कशी आहे, हे विचारायचं होतं. त्याआधी मी तो मेसेज डिलीट केला. माझ्याकडून, तिच्याकडूनही. मग फोन लावला.

पोरगी वाचली. मांडीत इंजेक्शन वेळेवर मिळालं. मी पोहोचलो तेव्हा बाहेरच्या बाकावर सासूबाई बहिणीला बोलत होत्या, "शिकून काय उपयोग? लेकराला काय चारावं तेवढंबी कळंना."

"चुकून गेली खिचडी, आत्याबाई," बहीण म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. मी पाण्याची बाटली आणायला म्हणून निघून गेलो.

तेव्हापासून सणावाराला त्या मुलीचं ताट सासूबाईच वाढतात. "हिच्या हाताचा भरवसा न्हाई," असं चारचौघांत म्हणतात. मी दोनदा त्या पंगतीत होतो. जेवलो.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं थोडं देऊन सवय लावायची, यावर आता लिहू. असा उपचार असतो, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. घरी आपल्या मनानं नाही. एखादं खरं उदाहरण आहे का तुमच्या माहितीत?"

"बघतो," म्हणालो. तीन दिवस कशात लक्ष लागेना. एकाची औषधं दुसऱ्याच्या पिशवीत घालता घालता थांबलो. शेवटी बहिणीला फोन केला.

"तुला तो मेसेज आठवतो?"

"कोणता? तू पुसलेला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुसला तरी पुसल्याची ओळ राहतीच की, दादा. मेडिकलवाला हायस, एवढं ठाऊक न्हाई?" ती हसली. "आन् मी सकाळीच त्याचा फोटो काढून ठेवला होता. किती द्यायचं ते चुलीपाशी बघायला."

"मग दाखवला का नाहीस?"

"सासरी? माझा शहाणा भाऊ असा निघाला म्हणून?" मग तिचा आवाज बदलला. "वाटायचं, आज तरी तू सांगशील. दर सणाला वाटायचं."

तो फोटो मागवून घेतला. पोस्टमध्ये तोच लावला, त्यावर लाल फुली मारली आणि खाली ही हकिकत लिहिली. बहीण म्हणाली, "माझं नाव घालू नको. तुझं घाल." घातलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचलं, एक शब्द बदलला.

टाकण्याआधी बहिणीला म्हणालो, "सासूबाईंना फोन दे."

"आत्ता? जेवायला बसल्यात त्या."

"दे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. असू देत म्हटलं.

"बोला, पाव्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या सुनेची चूक नव्हती. तो चमचा मी द्यायला लावला."

पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"आन् दोन वर्षं तुमी..."

"हाव. गप्प बसलो."

"आन् म्या ह्या पोरीला चारचौघांत..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.