बोळात वाढलेलं वजन

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावर तो बसेल असंही वाटत नाही. मी आकड्यांनी चालणारा माणूस. हवा, दोन्ही ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे... सगळं बघितल्याशिवाय स्कूटर घराबाहेर काढत नाही. मागच्या टायरात एकट्यासाठी एकोणतीस, मागे कोणी बसणार असेल तर छत्तीस. बायको म्हणते, "विमान उडवायलात का?" म्हणू दे.

आम्ही हुमनाबादला राहतो. शेत दुबलगुंडीला, ते थोरले भाऊ अण्णा बघतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही दोघं दरवर्षी तिकडे जातो. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा, मग मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. गावात माणूस म्हणून उरत नाही.

गेल्या येळवशीला पूजा झाली आणि अण्णांना धाप लागली. दमा जुनाच. पण पंप खिशात नव्हता, घरी खुंटीवरच्या सदऱ्यात राहिला होता.

"जातो अन् आणतो," मी म्हणालो.

"लवकर या," बायको म्हणाली. "तिथं गाडी तपासत बसू नका."

अण्णांच्या घराला पुढे एक लांब, छताचा बोळ आहे. स्कूटरचं हँडल दोन्ही बाजूंना बोटभर राखून जातं, एवढाच रुंद. त्यानंतर अंगण. गाव ओस, गाडी रस्त्यावर कशाला ठेवा म्हणून मी ती आत घेतली आणि बाहेर उघडणारं दार कडी न लावता ओढून घेतलं. पंप घेतला, अंगणात स्कूटर वळवली. आणि हो, तेव्हाही तपासलीच. टायर दाबला, ब्रेक दाबले, दिवा बघितला. सगळं ठीक. बसलो आणि बोळात शिरलो.

निम्म्यात आल्यावर स्कूटर मागून खाली बसली.

खड्डा नाही, तिथे सपाट शहाबादी फरशी आहे. दिव्याचा गोल समोर दाराच्या कडीवर पडला होता, तो सरकत वर चौकटीला गेला. मागे कोणी बसलं की दिवा असाच वर जातो, रोज बघतो मी. आरशात अंगणातली तुळस दिसत होती, आता तिथे नुसती फरशी दिसायला लागली.

ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं, गाडी तसूभर हलली नाही. ब्रेक मोकळे होते. उतरावं तर दोन्ही गुडघे भिंतींना टेकलेले, पुढे हँडल. मागे सरकावं म्हटलं... तर सरकता येईना. पाठीला काही लागलं नाही, ना गार ना गरम. फक्त मागे जागा नव्हती.

फोन वाजला. बायको रडकुंडीला आली होती. "कुठं हाव? अण्णांचे ओठ निळे पडायलेत!"

"निघायलोय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? पंप खिशात, माणूस तिकडे गुदमरतोय, आणि मी चालू गाडीवर भिंतींच्या मध्ये अडकलेला. हाका मारल्या, पण ऐकायला गावात होतं कोण?

शेवटी मान न वळवता म्हणालो, "कोण असशील ते, उतर बाबा. माझा भाऊ मरायलाय."

"कुणाशी बोलायलात?" फोनमधून बायको. आणि मग लगेच, "थांबा... अहो, थांबा जरा..." फोन कटला.

मी थांबलेलोच होतो. किती वेळ, ते मला सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्याला हे लिहायला जड जातं. मग दिव्याचा गोल आपोआप खाली कडीवर आला, गाडी उसळली आणि दाराला धडकून बाहेर पडली.

शेतात आलो तर अण्णा कोपीला टेकून बसलेले, हातात आंबिलीचा पेला. मी पंप पुढे केला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "छातीवर कुणीतरी बसल्यावानी झालतं बघ. हलू देईना. ही फोनवर बोलायलती ना तुझ्यासंगं, तवा उठलं अन् गेलं."

"कुठं गेलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला काय इचारायलास?" अण्णा हसले. "जाताना पत्ता दिला न्हाई त्यानं."

सगळे हसले. मी हिशोब मांडून बघितला, जमत नाही. फोन यायच्या आधीच माझी गाडी दबली होती, आणि अण्णांची छाती त्यानंतर मोकळी झाली. म्हणजे काही वेळ ते दोन्हीकडे होतं? दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून स्प्रिंग, ब्रेक, चाक सगळं उघडून तपासून घेतलं. दोष नाही. बोळही टेपनं मोजला.

येळवशीच्या त्याच संध्याकाळी परत निघताना बाकीचे ट्रॅक्टरवर चढले आणि बायको पदर खोचून स्कूटरमागे उभी राहिली. "बसू का?"

मी दिवा लावला आणि पुढच्या बांधावर त्याचा गोल कुठे पडतोय ते बघत राहिलो. तो जिथे पडायला हवा, त्याच्या जरा वर होता. का माझ्या मनाचा खेळ होता, मला आजही ठरवता आलेलं नाही.

"अहो, बसू का?"

"तू ट्रॅक्टरवर ये," मी म्हणालो.