सीटची उंची

शोरूममध्ये माणसं मायलेज विचारतात, रंग बघतात, उगाचच टायरला लाथ मारतात. काकूंनी यातलं काही केलं नाही. गळ्यातली शिवणकामाची टेप काढून जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजली, दार सताड उघडून आत शिरायची जागा मोजली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "पुढची दाखवा."

काकू गल्लीतल्या लेडीज टेलर. नवरा बसचा ड्रायव्हर, डेपोत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मणक्याच्या दुखण्यात उस्तादांचे पाय गेले. हात मात्र आयुष्यभर स्टिअरिंग ओढून पोलादी झालेले, ते तसेच राहिले. आजारानंतर पुतणीच्या लग्नाला निघताना चौघांनी त्यांना काखेत हात घालून पोत्यासारखं शेजाऱ्यांच्या गाडीत कोंबलं. शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं, बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. घरी परतल्यावर उस्ताद म्हणाले, "आता चौघांनी मला उचलायचं ते एकदाच. तोवर मी घराबाहेर पडणार नाही." आणि खरंच पडले नाहीत. खिडकीशी बसून जाणाऱ्या बसच्या आवाजावरून कुणाचा क्लच जळतोय, एवढं मात्र सांगायचे.

काकूही काही कमी हट्टी नव्हत्या. नवऱ्याला बाहेर काढायचं, तेही कुणाचा हात न लागता, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या. शिकवणाऱ्या मास्तरांच्या नाकी नऊ आले, पण काकू हटल्या नाहीत.

शेवटी एका शोरूमच्या कोपऱ्यात ती सापडली. मध्यम आकाराची एसयूव्ही, पण रूप अगदीच खोक्याचं, कडांना रंग न दिलेलं करडं प्लास्टिक. पुढचं दार नेहमीसारखं उघडायचं, मागचं उलट्या दिशेनं, आणि दोन्हींच्या मधे खांबच नाही. सीटला उस्तादांची व्हीलचेअर अगदी खेटून लावता आली असती. आत गालिच्याऐवजी सपाट रबर, मागची सीट उचलून बाजूला टांगायची सोय.

"मावशी, खरं सांगतो," सेल्समन म्हणाला, "पिकअप बेताचा आहे. वारा सुटला की हायवेला डुलते. शिवाय पुढचं दार उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही, मागे बसणारे वैतागतात."

काकूंनी टेप लावली. सीट व्हीलचेअरच्या बरोबरीची. "हीच," त्या म्हणाल्या.

"गाडी आणलीस की कपाट?" खिडकीतून उस्तादांनी विचारलं.

"कपाट. बसा आत."

"वेड लागलंय तुला."

काकूंनी वाद घातला नाही. रोज सकाळी एकट्याच गाडी काढत आणि गल्लीच्या चढावर गिअर असा काही करकरवत, की खिडकीत उस्तादांचा जीव खालीवर होई. "अगं दुसरा! दुसरा टाक!" ते ओरडत. एके दिवशी काकू तिथूनच ओरडल्या, "अहो, ओरडायचंय तर शेजारी बसून ओरडा!"

उस्ताद तणतणत व्हीलचेअर ढकलत दारापुढच्या उतारावरून खाली आले. तोवर काकूंनी गाडी दारापुढे आणून त्या बाजूची दोन्ही दारं उघडून ठेवली होती. काकू स्टिअरिंगवर जाऊन बसल्या आणि समोर बघत राहिल्या. उस्तादांनी एक हात सीटवर टेकला, दुसऱ्यानं वरची मूठ पकडली आणि अंग उचललं. अर्ध्यात अडकले. श्वास लागला. काकूंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली, पण त्यांनी मान वळवली नाही. मग शेजारची सीट दबल्याचा आवाज झाला. काकू उतरल्या, व्हीलचेअर मागच्या मोकळ्या जागेत चढवली आणि दारं लावून आल्या.

चढावर इंजिन कण्हायला लागलं. "दुसऱ्यातच राहू दे," उस्ताद म्हणाले. "ताकद आहे हिच्यात, घाई नाही इतकंच." पुढे उखडलेल्या रस्त्यावर गाडी खड्ड्यांतून निघाली, खाली कुठे घासली नाही. उस्तादांनी नुसतं "हं" केलं. त्यांच्या तोंडून ही मोठीच तारीफ होती. काकूंनी न विचारता गाडी डेपोत घातली.

जुने सोबती धावत आले. त्यांतल्या चौघांनी उचलायला हात पुढे केले.

काकू मधे उभ्या राहिल्या. "कुणी हात लावायचा नाही."

सगळे थबकले. काकूंनी खुर्ची सीटला खेटून लावली. उस्ताद कण्हत, घाम गाळत, स्वतःच्या हातांवर तिच्यात उतरले. पँट नीट केली. मग कुणाकडे न बघता चाकं फिरवत उभ्या बसेसच्या रांगेकडे निघाले. "अरे, या बसचा क्लच कोण जाळतोय?" त्यांचा आवाज अख्ख्या डेपोत घुमला.

काकूंनी आधी मागचं दार लावलं, मग पुढचं, आणि गाडीच्या आडोशाला उभ्या राहून पोटभर रडल्या.