कोटाच्या बाह्या

उत्तर चीनमधल्या आमच्या दातुंगच्या हिवाळ्यात विजेच्या दुचाकीवरून हिंडायचं म्हणजे अंगाची काळजी नसते, काळजी हातांची. अंगावर काय वाट्टेल ते चढवा, हात वाऱ्याच्या तोंडीच राहतात. माझ्या समोरच्या दारातली सूमेई तर पहाटे टोफू पोचवते. पाण्यात बुडवलेले हात तसेच हँडलवर. तिची बोटं सांध्यासांध्यांवर फुटायची, आणि फुटल्या बोटांनी धंदा होत नाही.

तिचे वडील, हाओ आजोबा, कोळशाच्या खाणीत फुफ्फुसं घालवून बसलेले. दवाखान्यात त्यांना न्यायची तीच, मागच्या सीटवर बसवून. मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याने एक दिवस आपल्या हिरव्या, कापूस भरलेल्या कोटाच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या आणि दाभण घेऊन तिच्या गाडीच्या हँडलला शिवून टाकल्या. सूमेई भांडली, रडली.

"मी चुलीपाशीच तर असतो," ते म्हणाले. "आणि गाडीवर तुझ्या खिशात हात घालीन. पण पाओचूला सांगू नकोस हं. लाजेल बिचारा."

लाजेल म्हणे! पाओचू हा त्यांचा मुलगा. याच शहरात, नदीपलीकडे राहतो, गरम हवेच्या मोटारीतून फिरतो. अख्ख्या हिवाळ्यात बापाच्या दारात त्याची सावली पडली नाही. उन्हाळ्यात म्हातारा गेला तेव्हा मात्र सगळ्यांत मोठा गळा त्याचाच. मला अजून आठवलं की डोकं भणभणतं.

पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आम्ही गेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवतो. चौकात खडूने गोल काढायचा आणि त्यात कागदी कपडे जाळायचे. पण पाओचू साहेबांचा हुकूम सुटला, पहिलंच वर्ष आहे, बाबांचा खरा कोट पाठवायचा. आला, स्वतःच ट्रंक उघडली, घडी काखेत मारून चौकात गेला आणि सगळ्या गल्लीसमोर कोट झटकून उलगडला. बाह्या गायब.

तेवढ्यात सूमेई टोफूची रिकामी डबडी घेऊन परतली आणि गाडीवरून उतरली. हँडलवर दोन हिरव्या बाह्या.

"बाबांना थोटं करून पाठवतेस होय गं?" पाओचू ओरडला. "एवढी भीक लागली होती? मेलेल्याच्या अंगावरचं ओरबाडलंस?"

"दादा, हळू बोल."

"काढ त्या! आत्ताच्या आत्ता काढ! कोटाबरोबर जाळायच्यात."

"हिवाळा काढायचाय मला, दादा. त्या नाही मिळणार. आणि हात लावू नकोस, गाडी चालू आहे."

आमच्याकडे शेंबडं पोरही आधी किल्ली फिरवून गाडी बंद करतं, मग बाहीला हात लावतं. बाहीच्या आत हँडल असतं आणि ते पिळलं की गाडी सुटते. मोटारवाल्याला हे कोण शिकवणार? त्याने उजवी बाही मुठीत धरून हिसडली. गाडी उडाली, त्याला फरफटत घेऊन शेजारच्यांच्या गोलातल्या राखेत आडवी झाली. लोक फिदीफिदी हसले. मीही हसले, का हसू नये?

तो राख झाडत उठला. "चोर आहेस तू. बापाच्या कोटाची चोर!"

सूमेईने ओठ दाबून धरले. बापाला शब्द दिला होता तिने. मी कोणाला दिला नव्हता.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तुझ्या बापाने स्वतः कापल्या त्या, मागच्या हिवाळ्यात! या पोरीची बोटं बघवेनात म्हणून. तसाच बिनबाह्यांचा कोट घालून बसायचा म्हातारा. एकदा, एकदा जरी आला असतास तरी दिसलं असतं तुला!"

"काकू, कशाला..." सूमेई म्हणाली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाओचूने तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, नाही म्हणाली नाही. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने कोट गोलात ठेवला, काडी लावली. थोड्या वेळाने हातातले जाड लोकरी हातमोजे काढले, चांगले भारीतले होते, आणि तिच्यापुढे धरले.

सूमेईने आडवी गाडी उभी केली, किल्ली फिरवून बंद केली आणि दोन्ही हात बाह्यांत घातले.

"मला या आहेत," ती म्हणाली. "ते बाबांना पाठव. त्यांचे हात उघडे आहेत."

मग त्याने हातमोजे एकेक करून आगीत टाकले.