भाऊजींसाठी बत्तीस इंची

चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासणारी मावशी मनातली अढी काढत नाही, मुरवते, असं तिची सख्खी ताईच म्हणायची. ताईच्या नवऱ्याविषयीची, म्हणजे भाऊजींविषयीची अढी अकरा महिने मुरली होती.

कारण सांगायला क्षुल्लक. दर रविवारी तीन ते पाच मावशी आणि परगावी नर्स असलेली तिची भाची, भाऊजींचीच लेक, कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायच्या. आपापल्या घरून, ऑनलाइन. जोडीजोडीची स्पर्धा, दोघी एका जोडीत, कानाला हेडफोन, तोंडाची टकळी चालू. मावशी एकटी राहायची. आठवड्याभरातलं तिचं खरं बोलणं त्या दोन तासांतच व्हायचं. बाकी सहा दिवस नुसतं "आता डावा डोळा झाका."

मग तिचा मॉनिटर बंद पडला आणि भाऊजी मदतीला धावले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं, आणि ते कुणी विचारायची वाट बघत नसत.

"चोवीस इंची कसला घेतेस? घ्यायचा तर भिंत भरेल असा घे," म्हणाले आणि तिला बत्तीस इंची फोर-के मॉनिटर घ्यायला लावला. चित्र देखणं. पण साध्या मॉनिटरच्या चौपट ठिपके रंगवताना तिच्या सात वर्षांच्या कॉम्प्युटरला धाप लागायची. वळण दिसेपर्यंत गाडी भिंतीत. सेटिंगमध्ये ठिपके कमी केले, तर सगळं धूसर, कुणी काचेवर फुंकर मारल्यासारखं.

तीन रविवार हरल्यावर भाऊजी चारचौघांत म्हणाले, "अगं, हात जड झाले तुझे. वय कुणाला चुकलंय? लेकीबरोबर आता मी बसत जाईन." आणि बसले. त्यांचा कॉम्प्युटर तिच्याहून जुना, पण मॉनिटर लहान नि साधा, त्यामुळे गाडी कशी लोण्यातून चालायची.

मावशीने मॉनिटरविषयीची माहिती जमवली. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसायची. दोन महिन्यांत तिला कळलं की दोष हातांचा नव्हताच. यंत्र दुबळं असेल तर ठिपके त्याला झेपतील तेवढेच हवेत, फुल एचडी पुरे; पण पडदा सेकंदाला जितक्या जास्त वेळा बदलेल, म्हणजे जितके जास्त हर्ट्झ, तितकं बरं. असा मॉनिटर लहान असतो आणि स्वस्तही. हे कळल्यावर अढी आणखी घट्ट झाली.

दहाव्या महिन्यात ताईचा फोन आला. "हे निवृत्त होताहेत. सगळे मिळून त्यांना मॉनिटर देऊ या. तूच आण, तुला कळतं."

"कॉम्प्युटर तोच का गं त्यांचा?"

"तोच. तो नि मी, दोघांनाही हे बदलायचे नाहीत."

मावशीने एकाच दुकानातून दोन मॉनिटर घेतले. विक्रेता जाणता होता.

"बाई, जुन्या मशीनला हा मोठा फोर-के नका देऊ. लोळेल बिचारं."

"माहीत आहे."

"मग?"

"तोच बांधा. वर रंगीत कागद लावा. आणि हा चोवीस इंची, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा, माझ्यासाठी. त्याला कागद नको."

भाऊजी हरखले. "बघा, आमच्या मेव्हणीला अक्कल आली," म्हणत त्यांनी जुना मॉनिटर त्याच दिवशी भंगारात दिला. मावशी घरी एकटीच सराव करत राहिली.

चौथ्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, बाबा भिंतीशिवाय दुसरीकडे जातच नाहीत गं. तू येतेस का परत?"

पटकन हो म्हणायचं नाही म्हणून मावशीने मनात दहापर्यंत मोजायला घेतलं. सातलाच हो म्हणून बसली.

पुढच्या सोमवारी भाऊजी दुकानात आले, स्वतःहून खुर्चीत बसले. "डोळे बघ जरा. शर्यतीत सगळं अडखळत दिसतं. सेटिंग बदलून पाहिलं, तर अक्षरंसुद्धा फिसकटलेली."

मावशीने नेहमीसारखे तपासले. एक काच, दुसरी काच. त्यांनी शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली.

"नंबर नाही," ती म्हणाली.

"मग होतंय काय?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. दोन वाक्यांत झालं असतं. मावशीने काच फडक्याने पुसली, पेटीत ठेवली.

"डोळ्यांत तर काही सापडत नाही, भाऊजी."

"म्हणजे वयच म्हणायचं," ते हळूच म्हणाले. तिने नाही म्हटलं नाही. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'दोन्ही डोळे उत्तम.' सव्वीस वर्षांत तिने कार्डावर खोटं लिहिलं नव्हतं, आजही नाही.

दारापाशी ते थबकले. "लेक सांगत होती, काल तुम्ही दोघी पहिल्या आलात."

"हो. रविवारी तीनला सुरू करतो आम्ही," मावशी म्हणाली. "या ना ताईला घेऊन. माझ्या मागे खुर्ची टाकते, नीट दिसेल."