व्याह्यांसाठी चार पायांची काठी

आमच्या इराचा साखरपुडा एका चार पायांच्या काठीमुळे मोडता मोडता राहिला. काठी मी निवडली होती.

आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहतो. मी गाड्यांची कंपनं मोजतो, म्हणजे गिअरबॉक्स थरथरला की मला काम. (घरी मी स्वतः थरथरतो, ते कोणी मोजत नाही.) इराचं टोबियासशी जमलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला. मुलगा चांगला, माणसं चांगली. फक्त मुलाचे वडील योआखिम शिकारी! ओडनवाल्डच्या जंगलात त्यांचं शिकारीचं रान. घरात शिरलं की भिंतभर शिंगं. पहिल्या भेटीत मी त्या शिंगांखाली बसून वर बघत बघत केक खाल्ला.

आता त्यांच्या घरची रीत अशी, की मुलाच्या साखरपुड्याच्या जेवणात बापाने स्वतः मारलेलं हरीण वाढायचं. आजोबांपासून चालत आलेलं! पण योआखिमरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मचाणाची शिडी चढायला डॉक्टरांची बंदी. म्हणजे जमिनीवरून, पायी हिंडत, उभ्यानेच नेम धरायचा. त्यासाठी बंदूक टेकवायला एक काठी लागते, तिला पिर्शस्टॉक म्हणतात. त्यांची जुनी काठी नेमकी मोडली होती.

"बाबा," इराचा फोन आला, "शनिवारी पहाटे योआखिम तुम्हाला शिकारीला नेणार आहेत. ते कोणालाच नेत नाहीत, टोबीलासुद्धा नाही! संध्याकाळी साखरपुडा आहे. बिटे, प्लीज, काही पाइनलिश करू नका."

पाइनलिश म्हणजे चारचौघांत मान खाली घालायला लावणारं. हा शब्द इराला लहानपणापासून फक्त माझ्यासाठी लागतो.

"व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हं," मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, फर्मावलं. "काठीच द्या की नवी. कामाचा आहेर!"

झालं! त्या क्षणापासून माझी झोप उडाली. काठी हलली तर नेम चुकणार, नेम चुकला तर हरीण नाही, हरीण नाही तर रीत मोडली, आणि रीत मोडली ती कोणामुळे? मुलीच्या बापामुळे!

शिकारीच्या दुकानात मी ऑफिसचा शर्ट घालून शिरलो. दुकानदाराने दोन पायांची, तीन पायांची आणि चार पायांची अशा काठ्या समोर मांडल्या.

"शिकाऱ्याची उंची किती?"

"माहीत नाही."

"उजव्या हाताने गोळी झाडतात की डाव्या?"

"तेही माहीत नाही. पण केक उजव्या हाताने कापतात!"

"आल्झो, असं बघा," तो शांतपणे म्हणाला, "चालत शिकार करायची तर तीन पायांची घ्या. पटकन उघडते."

पटकन वगैरे मला पटेना. मी पाण्याने काठोकाठ भरलेला कागदी पेला मागितला, तो प्रत्येक काठीच्या, बंदूक टेकवायच्या खोबणीत ठेवला आणि टिचकी मारून पाण्यावरचे तरंग बघत बसलो. (ऑफिसात यालाच संशोधन म्हणतात.) दोन पायांच्या काठीने पाणी माझ्या बुटात सांडलं. तीन पायांची बरी होती. चार पायांच्या काठीला मात्र दोन खोबणी, पुढे एक, मागे एक, बंदूक पाळण्यात ठेवल्यासारखी! तरंग म्हणून उठेना.

"ही उघडायला सराव लागतो," दुकानदार म्हणाला.

"मी इंजिनिअर आहे," मी म्हणालो. त्याने पावती फाडली.

काठी घरी आली. दसऱ्याला आम्ही लॅपटॉपलासुद्धा झेंडू वाहतो, मग ही तर बंदुकीची सोबतीण! मंजिरी म्हणाली, "अहो, हळदीकुंकवाचं बोट लावा आणि निघायच्या आधी पुसून टाका. बास."

पण बास कुठलं! माझ्या जिवात जीव नव्हता. मी दोन्ही खोबणींत हळदीकुंकू भरलं. उदबत्ती लावली. एकीने भागणार नाही असं वाटून अख्खा पुडा लावला. मग धूप, मग कापूर. शेवटी खोबणीच्या रबराला वास येत होता म्हणून त्यावर हिना अत्तराची अर्धी कुपी ओतली. काठी रात्रभर देवघरात ठेवली.

"अहो, घराचं देऊळ केलंत की!" मंजिरी खोकत म्हणाली.

शनिवारी पहाटे आम्ही रानात उतरलो. काठी माझ्या खांद्यावर होती. निघताना कुंकू आठवणीने पुसलं होतं. (पुढच्या खोबणीतलं. काठीला मागेही एक खोबण आहे हे मी विसरलो होतो, आणि ती खोबण मीच हौसेने निवडली होती!)

"वारा तोंडावर आहे, फार छान," योआखिमराव कुजबुजले. "हरणाला डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त कळतं. म्हणून मी कालपासून साबणसुद्धा लावलेला नाही."

मी काठी खांद्यावरून काढून जरा लांब धरली. ती लांबूनही घमघमत होती.

कुरणाच्या कडेला एक नर हरीण चरत होतं. योआखिमरावांनी हाताने खूण केली: काठी उघड! मी ओढली. दोन पाय उघडले, दोन अडकले. मग अडकलेले सुटले आणि उघडलेले मिटले. त्यांनी काठी हळूच माझ्या हातातून घेतली, मागच्या खोबणीत बोटं घालून एका झटक्यात उघडली. बंदूक टेकवली. आणि तेवढ्यात वारा फिरला!

हरणाने मान वर केली. नाक हलवलं. आणि ते भुंकलं! हरीण भुंकतं हे मला उभ्या जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. कुत्र्यासारखं भो भो करत ते दिसेनासं झालं.

"विचित्र आहे," योआखिमराव स्वतःचीच बाही हुंगत म्हणाले. "बायकोने जाकीट कुठल्या पावडरीत धुतलं कोण जाणे!"

बिचारे विहीणबाईंवर घसरले आणि मी मान डोलावली! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही लंगडत दुसऱ्या कुरणावर गेलो. (लंगडत ते होते, मी सहानुभूतीने.) तिथे दुसरं हरीण पाठमोरं उभं होतं, वाराही पुन्हा तोंडावर होता. आता जमणार! त्यांनी काठी रोवली, दवाने ओल्या झालेल्या हाताने कपाळावरचा घाम पुसला आणि मला गप्प राहायला सांगायला मागे वळून बघितलं.

कपाळभर लाल! भुवईवरून नाकावर ओघळणारं लालभडक!

"अगं आई गं! रक्त! योआखिमराव, रक्त!" मी सगळं रान दणाणून सोडलं. हरीण गेलं, ससे गेले, झाडावरचे पक्षीसुद्धा शेजारच्या गावाला गेले.

योआखिमरावांनी आधी बंदुकीचा खटका बंद केला. (मग माझ्याकडे बघितलं. क्रम महत्त्वाचा!) कपाळाला हात लावला, बोट नाकाशी नेलं, मग काठीच्या मागच्या खोबणीत नाक घातलं आणि जोरात शिंकले.

मला सगळं सांगावं लागलं. कुंकू, उदबत्ती, कापूर, अत्तर, अगदी सगळं.

"याने काय होतं?" त्यांनी विचारलं.

"यश येतं," मी म्हणालो.

"कोणाला?"

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडीच्या चारही काचा खाली केल्या. लग्न मोडलं असं धरून मी मनातल्या मनात इराची समजूत काढायला लागलो. गाडीतून उतरलो तेव्हा ती व्याह्यांच्या दारातच उभी होती. बापाचं तोंड आणि सासऱ्यांचं कपाळ बघून तिचा चेहरा पडला. "बाबा," एवढंच म्हणाली. मला रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी टेबलावर हरीण नव्हतं. मंजिरीची भरली वांगी होती आणि पुरणपोळ्या होत्या. (नवऱ्याला ओळखून तिने आदल्या दिवशीच पुरण शिजवलं होतं.) योआखिमराव ग्लास घेऊन उठले. कुंकवाचा डाग कपाळावर तसाच होता. मी टेबलाखाली मंजिरीचा हात घट्ट धरला.

"या घरात बाप पोरासाठी हरीण मारतो," ते म्हणाले. "आज सुनेच्या बापाने दोन वाचवली. इतकी काळजी करणारा बाप माझ्या सुनेला आहे, गेनाऊ, अगदी हेच मला बघायचं होतं. हरणांच्या नावाने, प्रोस्ट!"

सगळे इतके हसले की इराच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुटपुटली, "फार पाइनलिश आहात बाबा तुम्ही." माझा जीव भांड्यात पडला.

आता योआखिमरावांकडे तीन पायांची काठी आहे, त्यांनीच विकत आणलेली. पण आमची मैत्री पक्की! दरवर्षी ते मला आवर्जून रानात घेऊन जातात, बोटाने हरणं दाखवतात, थर्मासमधली कॉफी देतात. फक्त शिकारबंदीच्या महिन्यांत.