थुंकीची नळी आणि महागावचं स्थळ

भांड्यांच्या दुकानात पातेल्यासारखे गंज एकात एक बसवले की दहा गंजांना एकाचीच जागा पुरते. किस्स्यांचंही तसंच. वणीत भांडी विकता विकता माझ्याकडे किती जमले, मलाच ठाऊक नाही. एक काढायला जावं, तर आतला दुसरा खणकन वाजतो! हे सगळे मात्र अर्धशिशीचे. माझ्या आईला ती होती, मला आहे आणि माझ्या लेकीला, वैशालीलाही आहे.

०००

एका संशोधनवाल्या मॅडमनी आमच्या समाजमंदिरात शिबिर लावलं. अर्धशिशी घराण्यात कशी उतरते, ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी प्रत्येकानं एका नळीत थुंकून द्यायचं!

माझ्या दुकानाच्या पायरीवर रफीकभाई बसतात. लग्नाच्या भांड्यांवर मशीननं नावं टाकतात. त्या मशीनची कर्रकर्र ऐकली की माझं अर्धं कपाळ ठणकतं, पण माणूस लाखाचा. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली.

"मॅडम, आजवर 'थुंकू नका' म्हणून पाट्या लावल्या. आता शिबिर लावून 'थुंका' म्हणता? मले तं दाल में काला दिसून राह्यला!"

मॅडम हसल्या. "काका, फक्त आधी अर्धा तास काही खायचं नाही."

"तंबाखूचा खर्रापण नाही?"

"खर्रा तर मुळीच नाही!"

रफीकभाईंनी नळी परत केली. "अर्धा तास खर्रा नाही भेटला, तं चांगल्या माणसाचंही डोकं दुखते. मंग तुम्ही लिहून घेसान, यालेही अर्धशिशी!"

०००

वामनराव म्हणजे तहसील कचेरीतले निवृत्त बाबू. कागद दिसला की आधी मागची बाजू वाचणार. मॅडमचं चार पानी संमतिपत्र त्यांनी दोन चहा पिऊन वाचलं आणि सही ठोकली. मॅडम खूश! पाच मिनिटांनी हे परत हजर.

"माझी संमती रद्द करा."

"का हो काका? काही शंका?"

"रद्द करा म्हटलं न."

मॅडमनी रद्द केली. वामनराव पुन्हा रांगेत उभे राहिले आणि नवा फॉर्म मागू लागले!

"आता कायले?" मी विचारलं.

"त्यात लिहिलं होतं, कधीही माघार घेता येईल. करून पाह्यलं. खरं निघालं!"

०००

मग मॅडमनी आमच्या घराण्याचा नकाशा काढला. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. ज्याचं डोकं दुखतं, तो काळा रंगवायचा. माझ्याकडची बाजू बघता बघता काळीकुट्ट झाली.

"पाहा!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "सारं तुमच्याच इकून आलं!"

"अन् तुहा मामा डोक्याले फडकं बांधून फिरते, ते काय हौसेनं?"

मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, एकच जनुक यामागे असतं असं नाही. बारीकबारीक पुष्कळ असतात, दोन्हीकडून येतात. वर ऊन, उपास, जागरण यांचीही भर पडते.

"म्हणजे चोर एक नाही," रफीकभाई म्हणाले, "सारा मोहल्लाच सामील!"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. वैशालीसाठी महागावचं स्थळ येऊन राह्यलं होतं. असा काळा कागद त्यांच्या हाती लागला तर?

"कागदावर नाव नसतं, नुसता नंबर असतो," मॅडमनी समजावलं.

आता हे कोणाला सांगता! आम्हीही भांड्याच्या बुडाशी खरेदीचा भाव खुणेनं लिहितो. गिऱ्हाइकाला कळत नाही, पण आम्हाला कळतोच की!

वामनरावांचं पाहून मीही माघार घेतली. फरक एवढाच, मी पुन्हा रांगेत उभा राहिलो नाही.

०००

महागावचे पाहुणे आले नेमके त्या दिवशी, ज्या दिवशी वैशालीचं डोकं सकाळपासून फुटत होतं. उजेड सहन होईना. मी पडदे ओढले, ट्यूब बंद केली आणि पाहुण्यांना म्हणालो, "काय सांगू, लाईट गेली!"

मुलाच्या वडिलांनी वर पाहिलं. "मंग हा पंखा कसा फिरून राह्यला?"

"तो इन्व्हर्टरवर आहे!" इतकी वर्षं गल्ल्यावर बसलोय, जीभ अडत नाही.

"अन् ट्यूब?"

तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "राहू द्या न. अंधारच बरा वाटते. अन् ताई, तेवढी अगरबत्तीही विझवा."

पाहुणे गेल्यावर मला चैन पडेना. मुलगी पाहायला आलेली बाई आणि म्हणते अंधार बरा? पोरात काही खोट तर नाही ना!

"खोट आपण लपवून राह्यलो," वैशाली म्हणाली. "बाबा, सांगून टाका त्याइले."

"आधी जमू दे. मंग सांगू."

"बरं. पण मी थुंकी देणार. मले नाही झाला उपयोग, तं माह्या पोरीले होईल."

०००

पोरीपुढे आपलं चालत नाही. पण वणीत द्यायची नाही, असं मी ठणकावलं. मॅडमचं पुढचं शिबिर झरीला होतं, पार जंगलाच्या कडेला. तिथं आपल्याला कोण ओळखते?

शाळेच्या खोलीत शिरलो आणि जागच्या जागी थिजलो. बाकावर महागावचे पाहुणे! मुलगा, वडील आणि खिडकीपाशी नळी तोंडाशी धरून मुलाची आई. एवढ्या लांबून, या टोकाला!

मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी भिंतीवरच्या पाढ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही एकमेकांना ओळखता का?" मॅडमनी विचारलं.

"नाही!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

खिडकीतून ऊन थेट त्या माउलीच्या डोळ्यांवर येत होतं. वैशाली उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

"अहो, अंधार का केलात?" मॅडम म्हणाल्या.

वर पंखा गरगर फिरत होता. मुलाच्या आईनं नळी मॅडमच्या हातात दिली, पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली,

"लाईट गेली."